साळवेबाईंच्या गळ्यातली डबी

साळवेबाई बांगड्या काढायला लागल्या की आम्ही स्टाफरूममधली माणसं आपापले चहाचे कप उचलून घ्यायचो. आता टेबलावर कशाचं तरी पोट उघडणार हे ठरलेलं असायचं. बांगड्या, अंगठी, गळ्यातली क्रॉसची साखळी असं सगळं काढून त्या पदराच्या गाठीत बांधायच्या, खिडकीच्या लोखंडी गजाला तळहात लावून क्षणभर उभ्या राहायच्या आणि मग खुर्ची ओढायच्या. आमचे हेडमास्तर त्या उभं राहण्याला प्रार्थना समजायचे आणि आदरानं आवाज खाली आणायचे. बाईंनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. मला मात्र एकदा सांगितलं, की आपल्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर वीज साठते, ती आधी गजात सोडायची, नाहीतर बोट लागताच आतला नाजूक भाग मरतो. "मग प्रार्थना?" मी विचारलं. "ती रविवारी," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

नेवाशाच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. दोन विषयांत जेवढं अंतर असतं तेवढं आमच्या टेबलांत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या शस्त्रक्रियांचा मी कायमचा प्रेक्षक. पुढे त्यांच्या घराशेजारचा प्लॉट घेऊन मी घर बांधलं, तेव्हा तर सुटकाच उरली नाही. आमच्या घरातलं घड्याळ, टॉर्च, रिमोट यांपैकी काहीही बंद पडलं की आमची ही ते दुकानात न देता कुंपणावरून पलीकडे द्यायची. वस्तू परत यायची ती चालू होऊन आणि आत काय बिघडलं होतं त्याच्या व्याख्यानासकट.

त्यांची पद्धत मुलांना पाठ होती, मलाही नको असताना झाली. पहिलं वाक्य कायम एकच असायचं, "आधी जीव काढा, मग पोटात हात घाला." जीव म्हणजे बॅटरी. वस्तू बंद करायची, चार्जिंगची वायर काढायची आणि झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं टोक सोडवायचं, तेही वायर न ओढता टोपणाला धरून. चिकटवलेली कड सुटत नसेल तर तिच्यावर थोडा वेळ शेकायची पिशवी ठेवायची, मग घासून पातळ केलेला फूटपट्टीचा तुकडा त्या फटीत सरकवायचा. स्वयंपाकघरातल्या सुरीला त्यांच्या टेबलावर बंदी होती. सुरी घसरते, बॅटरीत घुसते, मग आग लागते.

स्क्रू ठेवायची त्यांची तऱ्हा तर मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. लग्नपत्रिकांचे जाड कागद त्या जपून ठेवायच्या. त्यावर वस्तूच्या पाठीचं चित्र काढायचं आणि ज्या भोकातून जो स्क्रू निघाला तो चित्रातल्या त्याच जागी टोचून ठेवायचा. सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण एखादा केसभर लांब असतो आणि तो चुकीच्या भोकात पिळला की आतलं फोडून जातो. माझ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर, गणपतीच्या बरोबर खाली, कुणाच्या तरी बोलक्या बाहुलीचे स्क्रू टोचलेले मी स्वतः पाहिले आहेत. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाल्या, "सर, तुमच्या व्याह्यांनी कागद चांगला निवडलाय."

जोर लावणाऱ्या मुलाला त्या रागवायच्या नाहीत, नुसतं त्याचं मनगट धरायच्या. "जोर लावावा लागतोय म्हणजे एक स्क्रू तुला दिसलेला नाही. स्टिकरखाली बघ." आणि तो तिथे असायचा. मी हे वाक्य पुढे व्याकरणाच्या तासाला माझं म्हणून वापरत असे.

एकदा आमच्या ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब यांच्या मोबाईलची पाठ फुगली. भाऊसाहेब हिशेबी माणूस, त्यांनी तिला रबर लावून टाकलं आणि वरून पेपरवेट ठेवला. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मोबाईल उचलला तो अंड्यासारखा तळहातावर धरून, रबर न काढता, थेट पटांगणाच्या कोपऱ्यात नेला आणि वाळू भरलेल्या कुंडीत ठेवला. शाळा सुटेपर्यंत तिथे कुणाला फिरकू दिलं नाही. भाऊसाहेब चिडले, बायकोचे फोन यायचे होते. फुगलेल्या बॅटरीला दाबायचं नाही, टोचायचं नाही, तिला एकटं ठेवायचं, असं बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं. संध्याकाळपर्यंत कुंडीत काहीही झालं नाही. सगळे त्यांना हसले, मीही हसलो. बाई मात्र खूश होत्या. काही झालं नाही, हेच तर व्हायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. आता वय झाल्यावर मला हे पटतं.

साळवेसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पुढल्याच वर्षी गेले. बाई घरात एकट्या राहिल्या. मुलगा सॅम्युअल, ज्याला सगळं गाव समू म्हणतं, नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला नगरला. दर रविवारी चर्चच्या वेळेला हजर असायचा. बाकीचे दिवस बाईंच्या घरी रोज कामाला येणारी कलाबाई आणि कुंपणापलीकडे आम्ही. बाईंचं सकाळचं बोलणं आमच्या मागच्या अंगणात ऐकू यायचं. चहा झाला हो, आज पाणी उशिरा आलं, समूनं ते छपराचं अजून केलेलं नाही. हे सगळं साहेबांशी. आमची ही पहिल्यांदा घाबरली, मग तिला सवय झाली. मी कधी विषय काढला नाही. कुणाच्या नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण कशाला पडा?

मग एक दिवस कलाबाई धावत आमच्याकडे आली. "सर, बाई न्हाईत घरात. चपला बी न्हाईत, पिशवी बी न्हाई." आम्ही चर्चकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, दवाखान्यात विचारलं. दुपारी शेवगावहून फोन आला. बाई सकाळच्या एसटीनं तिथे जाऊन, त्यांची पहिली नेमणूक झाली होती त्या शाळेच्या फाटकाशी बसल्या होत्या आणि घंटा अजून का झाली नाही म्हणून वॉचमनला झापत होत्या. फाटक दुसऱ्याच संस्थेचं होतं. शाळा केव्हाच हलली होती. समू मोटरसायकल दामटत गेला आणि त्यांना घेऊन आला.

समूला त्यांनी सांगितलं, सहज बघायला गेले होते. मला दोन दिवसांनी कुंपणाशी म्हणाल्या, "सर, त्या दिवशी मला खरंच वाटलं की शाळा आहे. तास आहे माझा." डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराची सुरुवात सांगितली होती, हे समूकडून मला कळलेलं होतं.

पुढच्या रविवारी समू ती डबी घेऊन आला. काडेपेटीहून लहान, पांढरी, मध्ये लाल बटण, गळ्यात अडकवायला गोफ. बाई कुठे आहेत ते समूच्या मोबाईलवर दिसणार, घराभोवती त्याने आखलेल्या गोलाबाहेर गेल्या की त्याचा फोन वाजणार आणि बटण दाबलं तर थेट त्याच्याशी बोलणं होणार. समूचा हेतू वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याला कारखान्यातून नेवाशाला पोचायला तास-दीड तास लागतो आणि तो आईच्या एकुलत्या एका मुलासारखाच घाबरलेला होता. डबी गळ्यात असेल तरच इथे राहायचं, नाहीतर नगरला फ्लॅटवर यायचं, असं त्यानं बजावलं. बाईंनी क्रॉसच्या साखळीशेजारी डबी घातली.

गोल चर्चच्या फाटकापर्यंत होता. नदी त्याच्या बाहेर. आणि बाईंचा संध्याकाळचा फेरा आयुष्यभर प्रवरेच्या घाटापर्यंत. त्या निघायच्या, वळणावर पोचायच्या, तिकडे समूचा फोन वाजायचा आणि मग माझा. "काका, आई कुठं निघालीय बघता का?" मी चपला घालून मागे जायचो. बाई मला येताना पाहून थांबायच्या, काही न बोलता परत वळायच्या. मला त्या चालण्याची फार लाज वाटायची. विद्यार्थ्याला कॉपी करताना पकडून आणावं तसं मी या बाईंना घरी आणत होतो. काही दिवसांनी त्यांनी वळणापर्यंत जाणंही सोडलं. अंगणातच, आमच्या तुळशीलगतच्या कुंपणापासून त्यांच्या फाटकापर्यंत फेऱ्या मारायच्या, संध्याकाळभर. कलाबाई म्हणायची, "दाव्याला बांधल्यावानी फिरत्यात वो." मी तिला गप्प केलं.

एका रविवारी चर्चहून आल्यावर बाईंनी मला कुंपणावरून हाक मारली. समू आलेला होता, जेवणाची ताटं व्हायची होती. टेबलावर लग्नपत्रिका, बारीक स्क्रूड्रायव्हर, फूटपट्टीचा तुकडा आणि सोल्डरिंग आयर्न मांडून ठेवलं होतं. बाई बांगड्या काढत होत्या.

समू म्हणाला, आई, डबी उघडलीस तर बिघडेल. बाई म्हणाल्या, बिघडलं तर मी नगरला येते, कटकट न करता. उघडून परत व्यवस्थित लागलं, तर मी इथेच राहीन आणि गोल नदीपर्यंत जाईल. मला साक्षीला बोलावलं होतं. समूनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं, की आईला आता हे जमणार नाही अशी त्याची खात्री होती, आणि जमावं अशी इच्छाही होती. तो "बरं" म्हणाला.

गजाला हात लावून त्या बसल्या. डबी बंद केली. बटण आधी दाबून पाहिलं, दिवा लागत नाही याची खात्री केली. मागचं स्टिकर नखानं उचललं, खाली चार स्क्रू. चित्र काढलं, स्क्रू टोचले. झाकण हललं नाही. माझा हात शिवशिवला, जोर लावा म्हणावंसं वाटलं. बाई डबी हातात फिरवत राहिल्या. बराच वेळ गेला. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं आणि मला भीती वाटली, की त्या काय करत होत्या तेच विसरल्या. मग म्हणाल्या, "कला, पिशवीत गरम पाणी भर." कड शेकली, पट्टी सरकवली आणि झाकण कटकट करत सुटलं.

बॅटरीचं टोपण सोडवून त्यांनी जीव बाजूला ठेवला, ती फुगलेली नाही हे उजेडात धरून पाहिलं. मग वर्गात सांगायच्या तशा एकेक भाग सांगू लागल्या. हा चौकोनी चिनी मातीचा तुकडा आकाशातल्या उपग्रहांना जागा विचारतो. हे सिमकार्ड. ही पत्र्याची पेटी म्हणजे मोबाईलच. हा बोलणारा भाग. आणि बोट थांबलं. कोपऱ्यात दोन बारीक वायरींवर हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी टोपी होती.

"समू, हा कान. बटण दाबल्यावर तुला माझं ऐकू यावं म्हणून, हो ना?"

"हो."

"बटण न दाबताही ऐकू येतं?"

कलाबाई ताटं पुसत होती ती थांबली. मग समूनं सांगितलं. त्याच्या नंबरवरून फोन लावला की डबी न वाजता फोन घेते आणि इथलं सगळं तिकडे ऐकू येतं. सुरुवातीला आई बरी आहे ना एवढंच पाहायला तो ऐकायचा. नंतर रोज सकाळी, कारखान्यात जाण्याआधी, कानाला लावून बसायचा.

"तू पप्पांशी बोलतेस, आई. रोज. म्हणून मला वाटलं, की आता तुला एकटीला ठेवणं..."

"ते गेलेत, हे मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पुरताना माती मी टाकलीय. बाकी पुष्कळ विसरते, ते नाही विसरत. म्हणूनच बोलते."

समूनं डोळे खाली घातले. मलाही कुठे बघावं कळेना. बाईंनी सोल्डरिंग आयर्न लावलं. तापल्यावर त्यांनी एका वायरीच्या टोकाला ते टेकवलं, मग दुसऱ्या, आणि ती काळी टोपी पत्रिकेवर काढून ठेवली. त्यांचा हात जराही हलला नाही.

समू म्हणाला, "मग बटण दाबलंस तर तू काय बोलतेस ते मला कळणार नाही."

"बटण दाबलं की धावत यायचं. बोलणं तिथे आल्यावर होईल." मग त्या त्याच्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "मी कुठे आहे ते तुला कळू दे, माझी हरकत नाही. काय बोलते ते नको. आणि हे आत्ता सांगतेय ते नीट ऐक, पुढे मला सांगता येणार नाही. माझी शुद्ध गेली तरी हा कान परत बसवायचा नाही. दुसरी डबी आणलीस तर तिच्यातलाही काढून आणायचा."

समूनं हो म्हटलं. बाईंनी मग माझ्याकडे पाहिलं, मीही मान हलवली. बॅटरी परत जोडली, झाकण बसलं, स्क्रू आपापल्या भोकात गेले, दिवा लागला, समूच्या मोबाईलवर आमच्या नेवाशाच्या नकाशात टिंब उमटलं. त्यानं तिथल्या तिथे गोल मोठा केला. त्या दिवशी बाईंनी साखरभात केला होता आणि त्यात मीठ पडलं होतं. आम्ही तिघांनी तो संपवला.

तो हिवाळा आणि पुढचा थोडा उन्हाळा बाई नदीवर जात राहिल्या. माझा फोन वाजायचा बंद झाला. कधी कधी मीच सोबत जायचो, आता लाज न वाटता. घाटाच्या पायरीवर त्या साहेबांना दिवसाचा वृत्तांत द्यायच्या आणि मी दोन पायऱ्या वर बसून पाण्याकडे बघायचो. एवढं स्वातंत्र्य एका काळ्या टोपीत मावेल असं मला वाटलं नव्हतं.

मग पायरीवरून परत यायचा रस्ता चुकायला लागला. एकदा त्यांनी घरात गॅस चालू ठेवला आणि कलाबाईलाच कोण तू म्हणून विचारलं. बटण त्यांनी एकदाच दाबलं. समू खरंच धावत आला आणि या वेळी आईला घेऊन गेला. बाईंनी कटकट केली नाही. गाडीत बसताना मला नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा.

मी नगरला त्यांना बघायला गेलो तो दिवाळीनंतर. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दाराला बाहेरून वरची कडी, बाल्कनीला जाळी. समूची बायको नोकरीवर, म्हणून समूनं पाळी बदलून घेतली होती, दिवसा तो घरी. बाई जाळीशी खुर्चीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मी समोर बसलो, नाव सांगितलं, शाळा सांगितली. त्यांनी मान डोलावली, पण मी त्यांच्या ओळखीत बसलो नाही. त्यांच्या हातात डबी होती. ती तोंडाजवळ धरून त्या हळू आवाजात बोलत होत्या, अगदी अदबीनं, मोठ्या ऑफिसात फोन लावल्यासारखं. "समू, मला घरी ने. मी इथे आत अडकलेय. दार बाहेरून लावलंय. समू, मला घरी ने."

समू शेजारीच बसला होता, मांडीवर ताट घेऊन, आईसाठी पोळीचे बारीक तुकडे करत. "हो आई, नेतो," तो म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, परका माणूस मध्ये बोलला तसं, आणि परत डबीत बोलू लागल्या.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, समू, नवीन मिळते रे, कान असलेली. तिच्यात बाई बोलल्या, तू पलीकडच्या खोलीतून ते ऐकून डबीतून उत्तर दिलंस, तर निदान त्यांना वाटेल तरी की पोचलं.

"मी दुकानात जाऊन आलोय, काका. हातात घेऊन परत ठेवली." त्यानं पोळीचा तुकडा वरणात बुडवला. "ती शुद्धीत होती तेव्हा नाही म्हणालीय. तुमच्यासमोर."

बाईंनी डबी कानाला लावून पाहिली, परत तोंडाशी आणली, बटण दाबलं. समूच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो बंद केला आणि घास आईच्या तोंडाजवळ नेला. बाईंनी तो घेतला नाही. डबी माझ्यापुढे धरून त्या मला, एका अनोळखी माणसाला, तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "इतक्या वेळची सांगतेय. ऐकतच नाही हा."

समू घास धरून तसाच बसून राहिला.